त्रेचाळीस लुगडी

आमच्या भागातल्या बारावीच्या पोरांना इंग्रजी येवो न येवो, वेताची आरामखुर्ची मात्र यायची. पाठ्यपुस्तकात एक कविता होती. समुद्रावर गेलेला नवरा परत येत नाही आणि बायको त्याचा कोट वर्षानुवर्षं खुंटीवरून काढत नाही, एवढीच. तिच्याखाली हमखास येणारा चार मार्कांचा प्रश्न असा की तुमच्या घरात कुणाची अशी मागे राहिलेली वस्तू आहे का, तिच्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहा. बाजारात मिळणाऱ्या गाइडात हे 'स्वतःचे शब्द' तयार छापलेले होते. माझे आजोबा वारले, व्हरांड्यात त्यांची वेताची आरामखुर्ची आहे, ती वाऱ्यानं हलली की आजोबाच बसलेत असं वाटतं. माजरीच्या खाणीत ज्यांचे आजोबा डोक्यावर कोळसा वाहून म्हातारे झाले, ज्यांच्या घराला व्हरांडा सोडा, धड ओटाही नव्हता, त्यांची नातवंडंही दरवर्षी हीच खुर्ची हलवायची आणि चारपैकी तीन मार्क घेऊन पास व्हायची.

मी नाहीद. माजरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. नोकरीला लागले तेव्हा त्या खुर्चीला हसायचे, पुढे चिडायला लागले, आणि दहा वर्षांनी सवय झाली. सवय झाली तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण २००५ साली संस्थेच्या अध्यक्षांनी कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेले बारा संगणक आणले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

माझा नवरा नदीम भद्रावतीला टायपिंगचा क्लास चालवायचा, त्याचा नुकताच कॉम्प्युटर क्लास झाला होता. त्यानं आठ दिवस खपून ती मशीनं चालू केली. जाताना म्हणाला, "नाहीद, ये सब बूढ़े हैं. इनसे दौड़ मत लगवा." आणखी एक सांगितलं, की आत रुपयाएवढा सेल असतो, तो बाराच्या बारांत मेलाय. लाइट गेली की मशीन तारीख विसरतं आणि त्याला वाटतं १ जानेवारी १९८० उजाडली. सेल बदलून घ्या. मी म्हटलं, कवितेला कशाला लागते तारीख? हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

तर मी शर्यत लावली, ती कविता मशीनवर चढवली. ओळीवर क्लिक केलं की माझ्या आवाजात ती ओळ ऐकू यायची, कठीण शब्दावर क्लिक केलं की मराठी अर्थ यायचा. नदीमनं एका सीडीवरून समुद्राची चित्रं आणून दिली. आमच्या पोरांनी पाणी म्हणून पाहिलेलं ते वर्धा नदीचं, पुरात असलं तर पुष्कळ, नसलं तर गुडघाभर. पडद्यावर लाटा हलल्या तशी शेवटच्या मशीनवरून एक पोरगी बोलली, "मॅडम, तिनं कोट काऊन नाई काढला खुंटीवरून? कोट बाकी कोनी घातला असता ना." दहा वर्षांत मला कवितेबद्दल कुणी पहिल्यांदा काही विचारलं होतं. मला त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं.

ती हर्षा. तिचा बाप रामाजी खाणीवर ठेकेदाराकडे कामाला होता. ती बोलायची कमी आणि अक्षर मात्र मोत्यासारखं, पण अक्षराचा माझ्या वर्गात उपयोग नव्हता. कारण माझा नियम असा की चपला आणि वह्या दोन्ही दाराबाहेर. वही आत आली की तिच्यात गाइडचं पान घडी घालून येतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. इथे बसायचं, विचार करायचा आणि मनात येईल ते सरळ मशीनवर टाइप करायचं. चुकलं तर चुकू दे. या नियमाचा मला इतका गर्व की तालुक्याच्या शिक्षकांच्या सभेत उभं राहून सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

त्या चार मार्कांच्या प्रश्नावर हर्षानं चार तास घेतले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत नऊ ओळी. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण होतं असं:

माझ्या आईचं लुगडं दोरीवर आहे. ती गेली तेव्हा ते वाळत होतं. कुणी काढलं नाही. कोळशाची धूळ येते आणि त्याच्यावर बसते. लुगडं काळं होतं. मग रविवारी माझे वडील ते धुतात आणि परत दोरीवर टाकतात. वडील माझ्याशी आईबद्दल बोलत नाहीत. मी वडिलांशी आईबद्दल बोलत नाही. लुगडं कधी वाळत नाही.

मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. परत आले तर हर्षा भेदरलेली. "चुकलं का मॅडम?"

"नाही गं. खरं आहे हे?"

"हो मॅडम. मागच्या साली पावसाळ्यात गेली माय. मामाच्या गावाले गेल्ती, तिकडं गडचिरोलीच्या जंगलात. ताप आला, डोक्यात गेला. नाल्याले पूर होता तं दवाखान्यात नाई नेता आलं. आमाले चौथ्या दिवशी मालूम पडलं."

आता मी काय करायला हवं होतं? पोरीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि घरी जायचं. पण मला पंख फुटले होते. मी त्या नऊ ओळी बाराही मशीनवर टाकल्या. चुका तशाच ठेवल्या, कारण मला त्या चुकाही गोड वाटत होत्या. वर माझ्या आवाजात ध्वनिमुद्रण केलं. पोरांना कळू दे, म्हटलं, साहित्य तुमच्या घराच्या दोरीवर वाळतंय, त्यासाठी आजोबांची खुर्ची भाड्यानं आणायला नको. हर्षाला विचारलं तर ती म्हणाली, "टाका मॅडम, पन माह्यं नाव नका टाकू. पोट्टे हासतीन." मी नाव टाकलं नाही. फाइलला नाव दिलं, 'नमुना'.

त्या हिवाळ्यात संगणकाच्या खोलीत बसलं की कानाला हेडफोन लावलेली पोरं ओठ हलवत असायची. सगळी खोली त्या लुगड्याबद्दल पुटपुटायची. मी खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि मला वाटायचं, भिडलं यांना. मूर्ख बाई! पोरं पाठ करत होती. दहा वर्षं ज्या पोरांना शिकवलं त्यांची साधी रीत माझ्या लक्षात आली नाही. मॅडमनं दिलेलं असलं की ते पाठ करायचं असतं. तो लबाडपणा नसतो, ती आमच्याकडची इज्जत असते. आणि मी तर त्यांना ते माझ्याच आवाजात, हवं तितक्यांदा ऐकायची सोय करून दिली होती.

फेब्रुवारीत पेपर झाला. प्रश्न आला. पोरं हसत बाहेर आली.

एप्रिलमध्ये प्राचार्यांच्या टेबलावर पत्र आलं, सामूहिक गैरप्रकाराचं. आमच्या केंद्रावरच्या त्रेचाळीस उत्तरपत्रिकांमध्ये एकच उत्तर, शब्दाला शब्द, चुकीला चूक. त्रेचाळीस विद्यार्थ्यांच्या आया वारलेल्या, त्रेचाळीस लुगडी दोरीवर आणि त्रेचाळीस बाप दर रविवारी लुगडं धुणारे. मी पत्र वाचून आधी हसले. खरंच हसले, प्राचार्यांच्या देखत. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

त्या त्रेचाळिसांतल्या बिरजूला मी गाठलं. त्याची आई पेपरच्या दिवशी त्याच्यासाठी डबा घेऊन फाटकाशी उभी होती, मी पाहिली होती. "अरे, तुझी माय जित्ती असताना तुला लिहवलं कसं?" बिरजू खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, तुमी एवढ्या मेहनतीनं करून देल्लं. अन् आमी गाइडचं लिवलं असतं तं तुमाले खराब वाटलं असतं ना."

चौकशी समिती मे महिन्यात आली. शेहेचाळीस डिग्री ऊन. कूलर फक्त संगणकाच्या खोलीत, म्हणून तिघा सदस्यांची बैठक तिथेच लागली. सकाळीच प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलांनी कबुलीजबाब लिहून दिला की फक्त इंग्रजीचा पेपर रद्द होईल, ऑक्टोबरमध्ये परत देता येईल. नाकबूल केलं आणि सिद्ध करता आलं नाही तर सगळा निकाल रद्द, वर दोन वर्षं परीक्षेला बंदी. "कबुली ज्याच्या त्याच्या अक्षरात पाहिजे, पण मजकूर एकसारखा हवा. मॅडम, तुम्हीच सांगा लिहून घ्यायला. तुमचं ऐकतात."

कॉपी केल्याची कबुलीही पोरांना एकमेकांसारखीच लिहायची होती. मला ते दिसत होतं, तरी मी बाहेर गेले. व्हरांड्यात पोरांना ओळीनं बसवलं आणि मजकूर सांगत गेले. सदर उत्तर माझे स्वतःचे नाही. मी ते संगणकावरून पाठ करून लिहिले. मूळ उत्तर कोणाचे आहे हे मला माहीत नाही. बेचाळीस पेनं चालली, एक थांबलं.

"मॅडम, मी नाई लिवत. ते माह्यं होय," हर्षा म्हणाली.

पोरीचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. हर्षाला डी.एड.ला जायचं होतं. मास्तरीण व्हायचं होतं. बाकी सगळ्या विषयांत तिचे पेपर झकास गेले होते. डी.एड.ची यादी जूनमध्ये मार्कांवर लागायची, आणि इंग्रजीचा पेपर रद्द म्हणजे यादीतून नाव गेलं. त्या वर्षी आमच्याकडे घराघरातली पोरं डी.एड.च्या मागे होती, पुढच्या वर्षी मेरिट कुठे पोचेल सांगता येत नव्हतं. उत्तर तिचंच आहे हे सिद्ध झालं तर तिचा निकाल वाचणार होता, एकटीचा. मी म्हटलं, चल, आपण सांगू.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. थकलेले, काळ्या फ्रेमचा चष्मा, पुढ्यात ताकाचा पेला. वाईट माणूस नव्हता. असता तर मला शिव्या घालायला बरं पडलं असतं. त्यांनी हर्षाची उत्तरपत्रिका काढली आणि त्या नऊ ओळी मोठ्यानं वाचल्या, छान वाचल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "फार चांगलं लिहिलंय. म्हणूनच शंका येते."

"सर, हिनं माझ्यासमोर लिहिलं. नोव्हेंबरमध्ये. या इथे बसून."

"वही दाखवा. कच्चं लिखाण असेल ना काही हिच्या हातचं?"

वही! बाहेर, चपलांजवळ. माझा तो टाळ्यांचा नियम मला इथे पुन्हा सांगावा लागला. सरळ मशीनवर लिहिलं, सर. ते म्हणाले, ठीक आहे, मशीन दाखवा, फाइल कधी तयार झाली ते मशीन सांगतंच की. मी कव्हर काढलं, शेवटचं मशीन चालू केलं, फाइल शोधली. तारीख पुढे आली. १ जानेवारी १९८०.

अध्यक्षांनी हर्षाला विचारलं, "बाई, तुझा जन्म कधीचा?"

"अठ्ठ्याऐंशीचा, सर."

बाकीचे दोघे हसले. मी मशीनच्या सेलबद्दल सांगायला लागले. माझं मलाच ते थापा मारल्यासारखं वाटत होतं. नदीमच्या हातात रुपयाएवढा सेल होता तो दिवस डोळ्यांपुढे आला आणि मला मान वर करवेना. अध्यक्ष हाताने थांबवत म्हणाले, "मॅडम, असं करू. बाकी बेचाळीस जणांच्या आया हयात आहेत, आम्ही विचारून घेतलंय. हिची आई खरोखर वारलेली असेल तर उत्तर हिचं, असं आम्हाला मानता येईल. आईच्या मृत्यूचा दाखला आणा. आम्ही साडेचारपर्यंत आहोत."

मी हर्षाला माझ्या स्कूटीवर मागे बसवलं. डोक्यावर ऊन तापलेलं, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. मला वाटत होतं, आता जमलं, एका कागदाचं तर काम. वाटेत मागून हर्षा म्हणाली, "मॅडम, दाखला हाय का नाई, मले मालूम नाई." मी स्कूटी हळू केली नाही.

घरासमोर दोरी होती आणि दोरीवर लुगडं होतं. हिरवं, काठ विटलेला, काळ्या धुळीचा थर चढलेलं. मी ते शंभर वेळा वाचलेलं, माझ्या आवाजात ऐकलेलं, आणि प्रत्यक्ष पाहिलं ते पहिल्यांदा. त्याच्याखालून वाकून आत जावं लागत होतं.

रामाजीभाऊ पाळीवरून येऊन जेवायला बसले होते. उठून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी हात पुसले.

"दाखला नाई बाई. तिकडंच मातीत देली तिले. मी पोचलो तवा सगडं आटोपलं होतं. कोनी लिवलं नाई कुठी."

"दुसरा काही कागद? कशावर तरी नोंद असेल."

त्यांनी पेटीतून रेशनकार्ड काढलं आणि माझ्या हातात न देता धरून ठेवलं. मग दिलं. रामाजी, बायनाबाई, हर्षा. तीन नावं, कुठेही काट नाही. बायनाबाई गेल्याला दोन वर्षं होत आली होती आणि सरकारी कागदावर ती दर महिन्याला धान्य आणि रॉकेल नेत होती.

"नाव कमी करायले गेल्तो एकदा," रामाजीभाऊ म्हणाले. "लाइनमधी हुबा राह्यलो. माह्या पुढचा मानूस सरकला अन् मी वापस आलो. रॉकेलसाठी नाई बाई. म्हंजे रॉकेलबी कामी पडते, खोटं नाई सांगत. पन तिच्या नावावर मीच लाल रेघ मारून घ्यायची, थे नाई झालं मले."

मी कार्ड मिटून परत दिलं. ते दाखवलं तर आई जिवंत ठरत होती. आणि आई मेली म्हणावं तर बाप दोन वर्षं मेलेल्या बायकोचं रेशन उचलणारा ठरत होता. हर्षा चुलीजवळ उभी होती, तिला हे माझ्या आधी कळलं होतं.

"चाला न मॅडम. मी लिवून देतो," ती म्हणाली.

पण रामाजीभाऊ बाहेर गेले होते. दोरीजवळ उभे होते. त्यांनी लुगडं काढलं, झटकलं, पुन्हा झटकलं. कोळशाची धूळ उडाली आणि त्यांच्या बनियनवर बसली. घडी करून काखेत घेतलं आणि म्हणाले, "मी येतो. साहेबाले दाखवतो. पोरीनं लिवलं थे खरं हाय का नाई, डोळ्यानं पाहून घेतीन."

मी थांबवायला हवं होतं. मला तेवढी अक्कल होती. पण मला एक खुळी आशा वाटली, की खरं म्हणजे हीच तर ती वस्तू, हिच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता असेल? हर्षा "बाबा नोका, बाबा नोका" म्हणत राहिली. आम्ही तिघं एका स्कूटीवर बसून कॉलेजला आलो.

सव्वाचार झाले होते. समितीचे कागद बांधून होत होते. रामाजीभाऊंनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि टेबलावर, ताकाच्या रिकाम्या पेल्याशेजारी, ते लुगडं ठेवलं.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"लुगडं साहेब. पोरीनं लिवलं थे."

"दाखला कुठाय?"

"दाखला नाई. लुगडं हाय." रामाजीभाऊंनी घडी उघडली, काठ हातात धरून दाखवला. "हे पहा साहेब, धूळ. दर रविवारी धुतो मी. मी सोता धुतो."

दुसऱ्या सदस्यानं आपले कागद धूळ लागू नये म्हणून उचलून मांडीवर घेतले. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले असते. अध्यक्ष लुगड्याकडे बघत राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "बाबा, लुगडं प्रत्येकाच्या घरी असतं. याच्यावर काही लिहिलेलं नाही. मला वर कागद पाठवावा लागतो."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "सर, सगळा जिल्हा दरवर्षी गाइडातली वेताची खुर्ची लिहितो. हजार पोरांची एकच खुर्ची. त्यांची चौकशी कधी झाली नाही."

"गाइड छापील असतं, मॅडम," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, ते मला समजावून सांगत होते. "पोरांनी छापील पाठ केलं तर तो अभ्यास झाला. हे कुठे छापलंय?"

रामाजीभाऊ अजून काठ धरून उभे होते. लुगड्याचा एक पदर टेबलावरून सुटून जमिनीवर लोंबला होता. हर्षानं तो उचलला. बापाच्या हातातून सगळं लुगडं हळूच सोडवलं, पोटाशी धरलं आणि म्हणाली, "सर, मी कॉपी केली. माह्या बाबाले जाऊ द्या."

मग माझ्याकडे वळली. "मॅडम, सांगा. मी लिवतो."

मी सांगितलं. ती मशीनसमोरच्या बाकावर बसून लिहीत होती, मांडीवर लुगडं होतं. सदर उत्तर माझे स्वतःचे नाही. मी ते संगणकावरून पाठ करून लिहिले. मूळ उत्तर कोणाचे आहे हे मला माहीत नाही. शेवटच्या ओळीला माझा आवाज बसला, तर तिनं मान वर करून पाहिलं आणि न सांगताच ती ओळ पुरी केली. व्हरांड्यातून सकाळी तिनं ऐकलेलीच होती. मोत्यासारखं अक्षर, कुठेही खाडाखोड नाही.

जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, थे मशीनमधून काढून टाका." ती सगळी गेल्यावर मी बाराही मशीनं एकेक करून चालू केली आणि 'नमुना' पुसला. शेवटचं पुसण्याआधी एकदा ऐकावं म्हणून कानाला हेडफोन लावला. माझा आवाज इतका खूश होता की मला किळस आली.

जूनमध्ये डी.एड.ची यादी लागली. तीत नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मी राजीनामा लिहिला, नदीमनं फाडला, मी दुसरा लिहिला नाही. संगणकाच्या खोलीला कुलूप लागलं आणि मी वर्गात खडू घेऊन उभी राहिले. हर्षाच्या घरावरून जाणं मी टाळत होते, पण जुलैत एकदा जावं लागलं. दोरी होती. तिच्यावर रामाजीभाऊंचा बनियन आणि हर्षाची ओढणी वाळत होती.

ऑक्टोबरच्या पेपराला हर्षा आमच्याच केंद्रावर आली होती. पेपर सुटल्यावर ती मला शोधत व्हरांड्यात आली. मला वाटलं, तोंड फिरवेल, तिनं फिरवावं असं मला वाटतही होतं. पण ती हसत आली. बऱ्याच महिन्यांनी हसत होती.

"मॅडम, तोच प्रश्न आला होता. घरात राह्यलेली वस्तू."

"मग? काय लिहिलंस?"

"आता काई लफडं नाई होत मॅडम, तुमी चिंता नोका करू," तिनं मला धीर दिला. "गाइडमधलंच लिवलं. आजोबाची खुर्ची. पुरी पाठ होती."